वाडीत हाक मारत नाहीत

१५ एप्रिल, मंगळवार. वलवण.

आले एकदाची! बॅगा दोन, मशीनच्या पेट्या तीन, आईने दिलेला चिवड्याचा डबा एक आणि ही नवी वही. बार्शीहून निघताना आईने बजावलंय की नव्या जागी आवाज जरा खाली ठेव. माझा आवाज हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. मी गल्लीच्या तोंडाशी 'आई' म्हटलं की शेजारच्या तीन घरांतल्या आया दार उघडतात, असं बाबा सगळ्यांना सांगतात. कॉलेजच्या गॅदरिंगला माइक बंद पडला तेव्हा निवेदन मीच करत होते आणि शेवटच्या रांगेला पत्ताही लागला नव्हता.

खोली छान आहे. हौशीरामभाऊंच्या घराचा वरचा मजला, खिडकीतून धरणाचं पाणी दिसतं. भाऊ शेती करतात, पावसाळ्यात जीपने पर्यटकांना भुशीला नेतात, आणि पुढचे सहा आठवडे ती जीप आमच्या कामाला आहे. त्यांच्या बायको मुक्ताबाई, म्हणजे मावशी, यांनी तांदळाची भाकरी आणि झुणका वाढला आणि चिक्की विकत घेऊ नकोस, ती पाहुण्यांसाठी असते, असा पहिला सल्ला दिला.

काम असं. जांभुळधार नावाची ठाकर आदिवासींची एक वाडी आहे, वीसेक घरं. वीस वर्षांत तिथली अकरा माणसं अचानक गेली. धडधाकट, बहुतेक तरणीताठी, ना ताप ना खोकला. बसल्याजागी नाहीतर दुपारच्या झोपेत. पुण्याचे डॉ. प्रज्ञेश हृदयाच्या ठोक्यांच्या बिघाडांवर संशोधन करतात. असा काही दोष वाडीतल्या घराण्यांतून उतरत आलाय असा सरांचा अंदाज आहे. मी त्यांची टेक्निशियन. छातीवर पॅच लावायचे, ठोक्यांची रेघ जमवायची, गोळ्या द्यायच्या, रोज सरांना कळवायचं. मजा येणार.

१७ एप्रिल, गुरुवार.

जीपने पाऊण तास, मग उभी चढण. भाऊ खालीच थांबले. वाडीच्या तोंडाशी धापा टाकत पोहोचले, कुणी दिसेना, म्हणून सवयीने हाक दिली की अहो, आहे का कुणी घरात?

सगळं थांबलं. दळणारी बाई जात्याचा खुंटा धरून तशीच बसली. हंडा घेऊन चाललेली एक तरुण बाई पाठमोरी उभी राहिली. पाणी तिच्या खांद्यावर सांडत होतं तरी तिने मान वळवली नाही. कुणीच वळलं नाही. मग एक म्हातारी लांबून वळसा घालून माझ्यासमोर आली, माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं, हनुवटीला बोट लावलं आणि म्हणाली, "मानूसच हाय." तेव्हा कुठे जातं पुन्हा फिरायला लागलं.

ही बयाबाई. तिने मला ओट्यावर बसवून समजावलं. "हितं हाक मारत न्हाई, ताई. काम आसंल तर चालत यायचं, म्होरं उभं ऱ्हायचं, मंग बोलायचं." झोपलेल्याला उठवायचं तर पायाला हात लावायचा. वाडीत कोंबडा पाळत नाहीत. पोरांची नावंसुद्धा उशिरा ठेवतात, कारण नाव ठेवलं की हाक मारावीशी वाटते.

मी विचारलं, असं का? ती म्हणाली की माणसं हाक मारत नाहीत, म्हणून हाक आली की लगेच कळतं, ही माणसाची नव्हे. तिला ओ द्यायची नाही. हाक कुणाच्याही नावाने येवो, जो ओ देतो त्याला ती नेते. तिचा थोरला मुलगा हनुमंत नऊ वर्षांपूर्वी भर दुपारी जांभळीखाली दोर वळत बसला होता. एकाएकी "ओ, आलो" म्हणाला, उठला आणि पडला. तिथे बयाबाईशिवाय कुणी नव्हतं, आणि तिने हाक मारली नव्हती.

मला फार वाईट वाटलं तिच्यासाठी. उतरताना मात्र हसू आलं की या गावात माझ्यासारखीचा निभाव एक दिवस लागायचा नाही.

२१ एप्रिल, सोमवार.

चौदा जणांना पॅच लावले. एक माझ्याही छातीवर लावलाय, मशीन नीट चालतं का हे ताडून बघायला.

वाडीला समजावलं ते इथेही लिहिते. हृदयाचा प्रत्येक ठोका पडला की पुढच्यासाठी ते थोडं थांबून सावरतं. रेघेवर तो सावरण्याचा वेळ दिसतो. या माणसांचं हृदय सावरायला उशीर लावतं. तेवढ्यात काही धक्का बसला तर ते ठोका द्यायचं सोडून नुसतं थरथरतं. रक्त पुढे जात नाही. मिनिटभरात माणूस बेशुद्ध, पाच-दहा मिनिटांत संपला. उपाय आहेत. रोजच्या गोळ्या आहेत, आणि धोका फारच असेल तर छातीत काडेपेटीएवढं यंत्र बसवतात, ते थरथर ओळखून आतूनच शॉक देतं.

सगळ्यात लांब रेघ गंगीची निघाली. बयाबाईची धाकटी सून, बावीस वर्षांची, त्या दिवशी हंडा घेऊन पाठमोरी उभी राहिलेली तीच. दोन महिन्यांची मुलगी आहे तिला, अजून बिननावाची. गंगी हसते ती तोंडावर पदर धरून, आवाज न करता, पण हसायला लागली की थांबत नाही. नवरा उमेश खंडाळ्याला बंगल्यांच्या बागा बघतो, सकाळी जातो तो संध्याकाळी येतो. रेघ पाहून सरांनी ती पुन्हा एकदा पाठवायला सांगितली. मग म्हणाले की हिला यंत्र बसवायलाच हवं. पुण्यात १४ मेची तारीख मिळाली.

तोवर हिला जपायचं. मी गंगीला तसा शब्दच दिलाय.

२५ एप्रिल, शुक्रवार.

आज माझ्या आवाजाचं सोनं झालं. सरांनी एक सोय केलीय. पॅचला ठोके बिघडल्याचं कळलं की घरातला मोबाइल मोठ्याने वाजेल आणि त्यातून नावाने हाक येईल, म्हणजे माणूस जागा होईल आणि शेजारीपाजारी धावतील. सध्या लांब रेघेच्या दोघांसाठीच, गोरख आणि गंगी. सरांनी विचारलं की खणखणीत आवाज कुणाचा आहे? मी डोक्यावर गोधडी घेऊन खोलीत बसले आणि रेकॉर्ड केलं. गंगी, जागी हो. उठून बस. ओ दे.

बयाबाईने नको म्हटलं. पाया पडते म्हणाली. मी उमेशला बाजूला घेऊन विचारलं की पोरीला आई हवी ना? तो तयार झाला. मग गोरख आणि गंगीला पढवलं की दुसऱ्या कुठल्या हाकेला हवं तर ओ देऊ नका, पण माझा आवाज आला की लगेच उठायचं आणि मोठ्याने ओ द्यायची, म्हणजे तुम्ही शुद्धीवर आहात हे कळेल. गंगीकडून दहा वेळा करून घेतलं. पहिल्यांदा तिच्या तोंडून ओ निघेचना, जन्मात कधी दिली नव्हती. दहाव्यांदा खणखणीत दिली आणि पदराआड हसत सुटली.

बयाबाई उठून निघून गेली. समजेल तिला हळूहळू.

३० एप्रिल, बुधवार.

गोरख गेला.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, ओट्यावर पडला होता तिथेच. छत्तीस वर्षांचा. गोळ्या वेळेवर चालू होत्या, मी स्वतः मोजल्या.

त्याची बायको नंदाबाई सांगते की माझी हाक आली. गोरख, जागा हो, उठून बस, ओ दे. घराच्या मागच्या बाजूने आली. त्याने शिकवल्याप्रमाणे उठून ओ दिली आणि आडवा झाला. मी म्हटलं, म्हणजे मोबाइल वाजला. ती नाही म्हणाली. मोबाइल सकाळपासून खाली दुकानात चार्जिंगला होता.

पॅच काढून रेघ पाहिली. दोन दहापर्यंत शांत झोपेचे ठोके. मग एक दचका. मग सहा ठोके. मग थरथर. म्हणजे ठोके बिघडून मोबाइल वाजला असं झालंच नाही. तो आधी दचकला, मग बिघडलं.

कशाला दचकला?

१ मे, गुरुवार.

रात्रभर डोळा नाही. सकाळी सगळ्यांच्या रेघा एकाखाली एक लावल्या. बयाबाई घरात होती, गंगी ओढ्यावर, दोघं तर डोंगराच्या पलीकडे गुरांमागे होते. काल दोन दहाला प्रत्येकाची रेघ दचकलीय. एकाच सेकंदाला.

पंधरावी माझी. मी इथे वलवणला खोलीत झोपले होते. माझीही दचकलीय. मावशींना विचारलं, तर म्हणाल्या की त्याच सुमारास मी झोपेत उठून बसले आणि तोंड उघडलं. त्यांना वाटलं उलटी होतेय, म्हणून त्यांनी पाठीवर थाप मारली.

३ मे, शनिवार.

रक्ताचे अहवाल आले. सरांचा फोन. दोष सापडलाय, आणि त्याच्या या प्रकारात जीव घेतो तो अचानक आलेला मोठा आवाज. घंटा, गजर, ओरडणं. बाळंतिणींना सगळ्यात जास्त धोका. सर म्हणाले की वाडीतली ती पद्धत म्हणजे खरं तर उपचारच होता, आपल्याला मशीनने कळलं ते त्यांना आधीच कळलेलं. मोबाइलची हाक आत्ताच्या आत्ता बंद कर.

दोन्ही रेकॉर्डिंग पुसली. मोबाइल खाली आणले. बयाबाईसमोर जाऊन उभी राहिले, मग बोलले. माफी मागितली. रडले. तिने रागावावं असं फार वाटत होतं. ती एवढंच म्हणाली की जो हाक देतो, त्याला आजवर माणसाचा आवाज नव्हता, म्हणून आम्हाला ओळखू यायचं. "आता तुजा आवाज हाय त्याच्याकं."

हाकेला ओ देऊ नकोस असं गंगीला बजावलं. ती मान हलवते. पण आज मी पाठीमागून तिच्याशी बोलले तर तिच्या तोंडून पटकन ओ निघाली. दहा वेळा घोटलं होतं ना मी.

६ मे, मंगळवार.

तीन दिवस ताप आणि जुलाब. लोणावळ्याच्या मेडिकलमधून अँटिबायोटिक आणि उलटीची गोळी आणून घेतली. आज सरांनी माझी रेघ पाहिली आणि ओरडलेच. या दोन्ही गोळ्यांनी चांगल्या माणसाची रेघही लांबते, त्यात जुलाबाने शरीरातले क्षार गेलेत. माझी रेघ गोरखच्या जवळ आलीय. गोळ्या बंद, केळी आणि नारळपाणी, आठवडाभरात उतरेल म्हणाले. तोवर घाबरायचं नाही.

बरं. नाही घाबरत.

मावशी विचारतात की दुपारी जिन्यातून हाक का मारलीस. मी मारली नव्हती. मी आठवडाभर कुणालाच हाक मारलेली नाही.

१० मे, शनिवार.

लिहायलाच हवं.

दुपारी गंगीचा पॅच बदलत होते. ती उंबऱ्यात, मी तिच्यासमोर, पोरगी मांडीवर. बयाबाई आत तांदूळ निवडत होती. माझ्या दातांत चिकटपट्टीचा तुकडा होता. म्हणजे तोंड बंद होतं माझं. गंगी माझ्या ओठांकडेच बघत होती.

घराच्या मागून माझा आवाज आला. गंगी, जागी हो.

माझाच. गोधडीतला, थोडा घोगरा. उठून बस. ओ दे.

गंगीचं तोंड उघडलं. डोळे माझ्यावर, भीतीने मोठे झालेले, आणि तोंड आपोआप उघडत होतं. बयाबाई सूप टाकून आली, तिच्या तोंडावर तळहात दाबला आणि स्वतः म्हणाली, "ओ."

शांतपणे. कामाला बोलावल्यासारखं. मग ती खाली बसली आणि कलंडली.

चाळीस मिनिटं मी छाती दाबत होते. शॉकचं मशीन पुण्यात.

११ मे, रविवार.

सरांना सगळं सांगितलं. त्यांना हाकेचं पटलं नाही, पण गंगीच्या जिवाचं पटलं. शॉक मशीन असलेली गाडी परवा तेरा तारखेला दुपारी एकला वलवणला येईल, त्याआधी तिला मशीनशिवाय लांब नेऊ नका म्हणाले.

आज पहाटे चौघांनी गंगीला झोळीत घालून खाली आणलं. पूर्ण उताराला कुणी एक शब्द बोललं नाही. ती आता माझ्या खोलीत आहे. उमेश पोरीला घेऊन भाऊंच्या आमराईत राहिलाय, रडण्याचा आवाज इथवर येऊ नये म्हणून. पाजायला तेवढं आणतो आणि समोर येऊन उभा राहतो.

त्याच्या आईच्या तेराव्यापर्यंत तरी गंगी जगू दे, म्हणाला. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

१२ मे, सोमवार.

दोनदा आली. एकदा धरणाच्या बाजूने, एकदा जिन्यातून. गंगीच्या कानांत कापूस, वर फडकं. तरी तिला ऐकू येतं. कापसातूनही येतं, मी घालून बघितलं.

दोन्ही वेळा तिच्या तोंडावर हात धरला. माझे दात माझ्या जिभेवर, माझ्याही तोंडून ओ निघू नये म्हणून.

आम्ही दोघी बोलत नाही. बोललं की माझा आवाज आणि तो, फरक कळत नाही तिला. खुणा करतो. संध्याकाळी तिने माझ्या पायाला हात लावून मला उठवलं आणि केळं सोलून दिलं.

१३ मे, मंगळवार.

एक वाजला. गाडी नाही. कामशेतला ट्रक उलटलाय, रस्ता बंद, असा सरांचा मेसेज. सायरन वाजवू नका असं मी लिहिलं. एकच टिक. भाऊ हायवेपर्यंत गेलेत, गाडीला हात करून थांबवायला.

१.४०. लिहीत राहते. लिहिलं की तोंड बंद राहतं.

१.५५. सरांनी वाचावं म्हणून — गंगीला हळू उठवा. पायाला हात लावून. समोर उभं राहून. कुणीही हाक मारू नका. पोरीचं नाव घाईने ठेवू नका.

२.०२. जिना वाजतोय. मावशी खाली आहेत, त्या चढत नाहीत, गुडघे दुखतात.

दाराबाहेर. गंगी, जागी हो —

डावा हात तिच्या तोंडावर. उजव्याने लिहितेय. ओठ हलतायत माझ्या तळव्याखाली. रडतेय, मान हलवतेय, नको नको, आणि ओठ हलतायत. दहा वेळा. मीच —

उठून बस.

गाडीचा आवाज. लांब. रस्त्यावर. येतेय, येतेय गाडी. पाच मिनिटं फक्त. गंगीने हात चावला. जोर संपला माझ्या हाताचा, तापाने —

ओ दे.

निसटतेय. तोंड उघडतंय तिचं.

बयाबाईने कसं शांतपणे — आई, तुला सांगितलं तर हसशील, आठवडाभर गप्प होते मी. आवाज माझा. शिकवलंही मीच. मग ओ पण मीच दे